वाचकांचे प्रश्न : विमान कंपन्यांची जुनी पोस्टरे आणि त्यांवरचे प्रदेश

मागच्या अंकात या सदरात जुन्या प्रवासी पोस्टरांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर बेळगाव, चिकोडी, निपाणी, गोकाक आणि खानापूर भागातून पत्रे आली. विषय एकच असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. पत्रे मोठी होती. प्रश्नापुरता मजकूर तेवढा येथे घेतला आहे.

प्रश्न : घराच्या माळ्यावरील पत्र्याच्या ट्रंकेत, काकांच्या कागदपत्रांखाली, गुंडाळून ठेवलेले एअर इंडियाचे एक पोस्टर सापडले. कमरेत वाकलेला महाराजा आणि त्याच्या मागे विमान असे चित्र आहे. काका मुंबईस नोकरीला होते. हे पोस्टर किती जुने असावे आणि ते अस्सल आहे की नंतरची नक्कल, हे घरच्या घरी कसे ओळखावे? (एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : प्रथम कंपनीचे नाव अक्षर अक्षर वाचावे. 1948 पासून 1962 पर्यंत या कंपनीचे नाव ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ असे होते. 1962 मध्ये त्यातील ‘इंटरनॅशनल’ गळले. आपल्या पोस्टरावर तो शब्द असेल तर ते बहुधा त्या चौदा वर्षांतले आहे. त्यानंतर विमानाकडे वळावे, कारण चित्रकार माणसांच्या बाबतीत कितीही स्वैर असला तरी विमान मात्र तो कंपनीच्या डोळ्यांदेखत काढीत असे. शेपटीला तीन उभे पंख असतील तर ते कॉन्स्टेलेशन. 8 जून 1948 रोजी मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेलेले या कंपनीचे पहिले विमान, ‘मलबार प्रिन्सेस’, याच जातीचे होते. पंखांखाली चार जेट इंजिने असतील तर काळ 1960 नंतरचा, कारण बोइंग 707 त्या वर्षी ताफ्यात आले. आणि खिडक्यांभोवती झरोक्यांच्या लाल कमानी रंगविलेल्या असतील तर ते 1971 नंतरचे जंबो जेट होय.

अस्सलपणा पाहण्यासाठी घड्याळदुरुस्ती करणाऱ्याकडे असते तसे भिंग घ्यावे आणि ते महाराजाच्या चेहऱ्यावर न धरता अक्षरांच्या कडेवर धरावे. जुन्या छपाईत चित्राचा रंग ठिपक्यांचा असला तरी मोठी अक्षरे बहुधा सलग शाईची असतात आणि त्यांची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. अलीकडे मूळ पोस्टराचा फोटो घेऊन केलेल्या नकलेत अक्षरेही ठिपक्यांनी बनलेली असतात, त्यामुळे भिंगाखाली त्यांची कड मुंग्या लागल्यासारखी भासते. केवळ ठिपके दिसले म्हणून पोस्टर नकली ठरवू नये. ऑफसेट छपाई त्या काळीही होती. मापही घ्यावे. जुनी प्रवासी पोस्टरे पुष्कळदा 25 गुणिले 40 इंच किंवा त्याच्या आसपासची असत, आणि आजच्या नकला बहुधा ए-थ्री किंवा ए-टू या कार्यालयीन मापांत निघतात. खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव किंवा ‘भारतात मुद्रित’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल तर तो भाग चुकूनही कापू नये. फ्रेममध्ये नीट बसावे म्हणून नेमकी तीच पट्टी कापलेली पोस्टरे मी पाहिली आहेत.

प्रश्न : जुने पोस्टर लॅमिनेट करून घ्यावे काय? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : मुळीच करू नये. तापलेले प्लास्टिक कागदाला कायमचे चिकटते. पंचवीस वर्षांपूर्वी मी हौसेने एक पोस्टर असे करून घेतले आणि दोन पावसाळ्यांत त्याच्या आत पिवळे ढग उमटले. ते आजही माझ्याकडे आहे, परंतु कोणाला दाखवावेसे वाटत नाही. आम्लरहित माउंटबोर्ड वापरावा, काच आणि कागद यांत बोटभर अंतर ठेवावे, मागे हार्डबोर्ड थेट लावू नये, सेलोटेप वापरू नये, आणि पावसाळी ओल धरणाऱ्या पश्चिमेकडील भिंतीवर फ्रेम टांगू नये. कसर कागदापेक्षा खळीवर अधिक तुटून पडते, म्हणून खळ लावून कापडावर चिकटविलेले पोस्टर वर्षातून एकदा उतरवून मागून तपासावे.

प्रश्न : मी कोल्हापुरात उपयोजित कला शिकते. वर्गात आम्हांला परदेशी विमान कंपन्यांची 1950 आणि 60 च्या दशकांतील पोस्टरे दाखविण्यात आली. न्यूयॉर्क म्हटले की नुसता प्रकाश आणि रंग. भारत म्हटला की हत्ती, ताजमहाल, फेटेवाला. हा सरळ अपमान समजावा काय? आणि तसे असेल तर आपल्याच एअर इंडियाने महाराजा का उभा केला? (एक विद्यार्थिनी, निपाणी)

उत्तर : तुमच्या प्रश्नाच्या पूर्वार्धाला ‘होय’ म्हणण्याची घाई करू नये, असे मला वाटते. पोस्टर हे रस्त्याच्या पलीकडून, चालता चालता, दोन क्षणांत वाचले जावे म्हणून केलेले असते. त्यात एकच वस्तू मावते. म्हणून हॉलंडला पवनचक्की आणि ट्युलिप, स्पेनला बैलाशी झुंजणारा, लंडनला अस्वली टोपीचा पहारेकरी मिळाला. एअर फ्रान्ससाठी ल्युसियाँ बुशे यांनी जगाचे जे भलेमोठे नकाशे रंगविले, त्यांत प्रत्येक प्रदेशाच्या वाट्याला एखादी वास्तू, एखादा प्राणी किंवा एखादा वेश असाच आला. संक्षेप सर्वांचाच झाला. त्यात आपण एकटे नाही.

फरक आहे तो काळाचा. डेव्हिड क्लाइन यांनी 1956 मध्ये टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीसाठी काढलेले न्यूयॉर्कचे पोस्टर तुमच्या वर्गात नक्कीच दाखविले असेल. पुढच्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात घेतले. त्यात टाइम्स चौक आहे, पण एकही इमारत धड इमारतीसारखी नाही. रंगांचे त्रिकोण-चौकोन फुटाण्यासारखे उडालेले आहेत आणि ते पाहताच रात्र, गर्दी व दिवे हे सारे समजते. आता त्या काळातील पूर्वेकडील देशांचे कोणतेही सर्वसाधारण पोस्टर त्याच्या शेजारी ठेवा आणि कोपऱ्यातील विमान अंगठ्याने झाका. न्यूयॉर्कचे साल अंगठ्याखालीही कायम राहील. दुसऱ्या पोस्टराचे साल मात्र त्या विमानाबरोबर झाकले जाईल, आणि उरलेले चित्र 1950 चे आहे की 1750 चे, हे सांगता येणार नाही. हत्ती काढला म्हणून माझी तक्रार नाही, कारण हत्ती आपल्याकडे आहेतच. ज्या देशात त्याच वर्षांत धरणे बांधली जात होती, पोलादाचे कारखाने उभे राहत होते आणि निवडणुका होत होत्या, तेथे चित्रातील एकमेव आधुनिक वस्तू म्हणजे पाहुण्याला घेऊन येणारे यंत्र, ही मांडणी मला खटकते.

ही दृष्टी विमानाबरोबर आलेली नाही. ती आगबोट आणि आगगाडीकडून वारशाने आली. 1920 आणि 30 च्या दशकांत हिंदुस्थानातील सरकारी रेल्वेने ‘हिंदुस्थान पाहा’ अशा अर्थाची पोस्टरे इंग्लंडमधील प्रवाशांसाठी काढविली. घाट, मशिदी, राजवाडे, संध्याकाळचे सोनेरी आकाश हा सारा ऐवज त्यांत तयार होता. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्यासारख्या थोर चित्रकारानेही रेल्वेसाठी प्रवासचित्रे केली. त्यांचा हात एतद्देशीय असल्यामुळे नऊवारीचा काष्टा तरी नीट नेसलेला दिसतो, हा फरक लहान असला तरी तुमच्यासारखीने टिपून ठेवावा. पुढे 30 मार्च 1929 रोजी इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची लंडन ते कराची सेवा सुरू झाली. त्या प्रवासाला सुमारे सात दिवस लागत आणि मध्ये बासेल ते जिनोआ हा टप्पा चक्क आगगाडीने होत असे. इतके भाडे भरून येणारा माणूस म्हणजे बडा अंमलदार, व्यापारी किंवा हौशी धनिक. पोस्टर त्याच्या मनातील पूर्वेला उद्देशून होते. म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो की प्रवासी पोस्टरावर ज्या गावाचे नाव असते त्या गावाविषयी ते थोडे सांगते, आणि ज्या गावात ते चिकटविले जाते त्या गावाविषयी पुष्कळ सांगते.

आता महाराजा. तो 1946 मध्ये जन्मला. कंपनीचे व्यापार विभागप्रमुख बॉबी कूका यांची कल्पना आणि जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात संस्थेच्या मुंबई कार्यालयातील चित्रकार उमेश राव यांची रेषा असा तो मिलाफ होता. सुरुवातीस तो केवळ विमानातील टिपणवहीवर छापण्यापुरता होता. साहेबाच्या डोक्यात हिंदुस्थानी म्हणजे मिशाळ राजा असेल तर तोच राजा त्याच्यापुढे करून त्याची थोडी गंमत करावी, असा तो डाव होता आणि तो डाव साधला. पुढे पोस्टरांवर हा गृहस्थ पॅरिसात रंगेल प्रियकर झाला, टोकियोत सुमो मल्ल झाला, कुठे फुटपाथवरचा चित्रकार झाला, तर कुठे पिसांचा मुकुट घातलेला अमेरिकी आदिवासी झाला. येथे जरा थांबून पाहावे. ज्या संक्षेपाविषयी आपण चिडतो, तोच संक्षेप मुंबईत बसलेल्या आपल्या चित्रकाराने जपान्यांना, फ्रेंचांना आणि अमेरिकेतील मूळ रहिवाशांना लावला. राजा स्वतःवरही हसतो म्हणून त्याला आपण सूट देतो. मीही देतो, परंतु पूर्ण नाही. तो नेहमी वाकलेला असतो, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आपल्या भागाला तर राजे परके नव्हते. आजचे बेळगावातील शहापूर सांगली संस्थानात होते. आसपास कोल्हापूर, कुरुंदवाड, जमखिंडी, मुधोळ, रामदुर्ग अशी संस्थाने होती. त्या दरबारांच्या छायाचित्रांतील पगड्या आणि पागोटी पाहिली तर पोस्टरावरील पट्ट्यापट्ट्यांचे मुंडासे त्यांत शोधूनही सापडणार नाही. महाराजा कोणत्याच संस्थानचा नव्हता, म्हणून तर तो सगळ्यांना चालला. आणि एक योगायोग पाहा : 1971 च्या अखेरीस घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि त्याच वर्षी एअर इंडियाचे पहिले जंबो जेट, ‘सम्राट अशोक’, खिडक्यांना राजवाड्याचे झरोके रंगवून आकाशात गेले. राजे कायद्यातून निघाले आणि विमानाच्या अंगावर येऊन बसले. प्रबंधाला विषय हवा असेल तर या एका वर्षावर तो होऊ शकेल.

प्रश्न : गोकाकचा धबधबा इतका प्रचंड, सांबऱ्याचा विमानतळ इतका जुना, मग काश्मीर, जयपूर, म्हैसूर यांच्या बरोबरीने आपला भाग या पोस्टरांवर का दिसत नाही? (एक निवृत्त शिक्षक, गोकाक)

उत्तर : गुरुजी, पोस्टर हे तिकिटाच्या मागून चालते. परदेशी विमाने कराची, मुंबई, दिल्ली, कलकत्ता येथे उतरत. तेथून जे दोन-तीन दिवसांत पाहून परतता येईल आणि जेथे साहेबी पद्धतीचे हॉटेल असेल, तेच पोस्टरावर चढे. 1932 मध्ये सुरू झालेली टाटांची टपालसेवा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस आणि पुढे बल्लारीमार्गे मद्रासला जात असे. तिच्या थैल्यांत पत्रे होती, पर्यटक नव्हते. सांबऱ्याचा तळ दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, ब्रिटिश हवाई दलाने बांधला. लष्करी तळाची जाहिरात कोणी करीत नाही. उलट तो दिसू नये अशीच व्यवस्था असते. बेळगावची तत्कालीन ओळख किल्ला, कॅम्प आणि मराठा पलटण ही होती, आणि पुढे 1961 पर्यंत पलीकडे पोर्तुगीज गोवा असल्यामुळे तर हा मुलूख सहलीचा कमी आणि बंदोबस्ताचा अधिक राहिला.

धबधब्याची गोष्ट निराळी आहे. घटप्रभा तेथे सुमारे 52 मीटर खाली कोसळते आणि अगदी शेजारी एकोणिसाव्या शतकापासूनची कापडगिरणी उभी आहे. झुलत्या पुलावरून पाहिले तर पाणी आणि गिरणी हे एकाच नजरेत येतात; आमच्या पिढीने तो धबधबा गिरणीशिवाय पाहिलेलाच नाही. पोस्टर रंगविणाऱ्याने पहिले काम कोणते केले असते, तर ती गिरणी पुसली असती. त्याला अस्पर्श निसर्ग हवा असतो. ज्या पाण्यावर शंभराहून अधिक वर्षे सूत निघाले, ते पाणी त्याच्या उपयोगाचे नाही. चित्रित न झाल्याचे मला म्हणूनच फारसे दुःख नाही.

आणखी एक अडचण आहे, ती मला अधिक रंजक वाटते. पोस्टराला ‘या प्रदेशाची बाई’ आणि ‘या प्रदेशाचा पुरुष’ असा एकेक ठसा लागतो. राजस्थानला घागरा, केरळला कथकळीचा मुखवटा. आता आपल्या बाजाराच्या दिवशीची बाई काढायची झाली तर ती इरकली लुगड्यात असणार. ती भाजीवाल्याशी कानडीत घासाघीस करते, लेकराला मराठीत दटावते आणि हिशेब दोन्ही भाषांत चोख ठेवते. तिच्या खाली कोणत्या प्रांताचे नाव लिहायचे, हे ठरविताना चित्रकाराची शाई वाळून जाईल. बेळगावच्या किल्ल्यातच पाहावे : रट्ट राजांच्या काळातील, 1204 सालची कमल बस्ती हे जैन मंदिर एका बाजूस, दर्गा दुसऱ्या बाजूस, आणि भोवती लष्कराच्या बराकी. ताजमहाल एका फटकाऱ्यात ओळखता येतो. या किल्ल्याला निदान पाऊण तास द्यावा लागतो. कमल बस्तीच्या छतातील दगडी कमळ पाहण्यासाठी मान मागे टाकून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभे राहावे लागते आणि मग एकेक पाकळी दिसू लागते. ही मौज रस्त्यापलीकडून दिसणाऱ्या कागदाच्या आवाक्याबाहेरची आहे.

प्रश्न : आमच्या शेतघरात आम्ही पाहुण्यांची सोय सुरू केली आहे. दिवाणखान्यात जुन्या विमान कंपन्यांच्या धर्तीवर ‘खानापूर’ असे पोस्टर करून लावावे आणि तेच समाजमाध्यमांवर टाकावे, असा मुलाचा विचार आहे. जुने पोस्टर घेऊन त्यावरील नाव बदलले तर चालेल काय? नसेल तर चित्रात काय घ्यावे? (एक वाचक, जांबोटी परिसर)

उत्तर : नाव बदलून वापरणे कायद्याने धोक्याचे आहे. आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, आणि चित्रकार अज्ञात असल्यास प्रथम प्रसिद्धीनंतर साठ वर्षे, चित्राचा हक्क अबाधित राहतो. वर उल्लेखिलेले क्लाइन 2005 मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांची चित्रे बराच काळ मोकळी होणार नाहीत. महाराजासारखी चिन्हे तर व्यापारचिन्हे म्हणूनही जपलेली असतात. शैली मात्र कोणाच्या मालकीची नसते. सपाट रंग, मोठे आकार, खाली एकच ठळक शब्द, ही रीत चिरंजीवांनी खुशाल उचलावी.

चित्रात काय घ्यावे, याविषयी माझे मत थोडे हट्टी आहे. धबधबा टाळावा. धबधबा आता प्रत्येक घाटाच्या पोस्टरावर आहे आणि खाली नाव नसेल तर तो कोणाचा, हे सांगता येत नाही. खानापूर तालुक्यात जी गोष्ट डोळ्यांत भरते ती म्हणजे लाल माती आणि तिची भाजलेली कौले. पावसात भिजून काळपट झालेले, मधूनच एखादे नवे केशरी कौल बसविलेले उतरते छप्पर एवढाच विषय घेतला तरी निम्मे चित्र झाले. वर करडे आकाश, खाली भाताच्या खाचरातले पाणी, आणि इरले घेतलेली एक वाकलेली आकृती. ती वाकलेली आहे ती रोप लावण्यासाठी, कोणाला नमस्कार करण्यासाठी नव्हे, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. म्हणून तिचे तोंड आपल्याकडे नको, खाचराकडे असावे. हलशीचे देऊळ घ्यायचेच असेल तर ते मागे, लहान आणि पावसाच्या पडद्याआड ठेवावे. भीमगडच्या रानातील बारापेडे गुहांतली दुर्मीळ वटवाघळे घेण्याचा मोह मुलाला होईल. त्यांच्या दाराशी पाहुण्यांची रीघ लागणे बरे नव्हे, तेव्हा ती वगळलेलीच बरी.

आणखी एक व्यवहाराची सूचना आहे. विमान कंपन्यांच्या पोस्टरांवर कधी पाऊस पडत नसे. आपल्याकडे जुलैत येणारा पाहुणा पाऊसच पाहायला येतो, परंतु निळे आकाश दाखवून बोलावलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी ओले कपडे पुढे करून भाडे परत मागतो. तेव्हा गावाच्या नावाखाली महिन्याचे नावही छापावे : ‘खानापूर, आषाढ’. अक्षरे देवनागरीत घ्यावीत की कानडीत, हा प्रश्न घरात निघेलच. दोन्ही घ्यावीत, सारख्याच उंचीची. छापण्यापूर्वी एक नमुना अंगणाच्या पलीकडच्या भिंतीला टाचणीने लावून ओसरीवरून पाहावा. छप्पर, पाणी आणि माणूस तेथून निराळे ओळखू येत नसतील तर रंग कमी करावेत, आकार वाढवावेत आणि पुन्हा ओसरीवर येऊन बसावे.